पीएचडी अर्धवट सोडलेल्या गर्ट्रूड इलियन यांनी हर्पिसच्या विषाणूलाच कामाला लावलं

ताप येऊन गेला की अनेकांच्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्या येतात. मेडिकलमधून एक छोटी ट्यूब आणली जाते. कमरेला नागीण झाली की डॉक्टर त्याच औषधाच्या मोठ्या गोळ्या लिहून देतात. आणि जननेंद्रियांवर तशाच पुळ्या आल्या तरी औषध तेच असतं. फरक एवढाच की तिसऱ्या वेळी माणूस डॉक्टरकडे जायलाच लाजतो.

औषधाचं नाव असायक्लोव्हिर. तिन्ही आजारांमागचे विषाणू एकाच घराण्यातले, हर्पिसचे. हे औषध जिच्या प्रयोगशाळेतून आलं, तिला एकेकाळी लोणच्याचा आंबटपणा मोजायची नोकरी करावी लागली होती.

गर्ट्रूड इलियनचा जन्म २३ जानेवारी १९१८ चा, न्यूयॉर्कचा. वडील लिथुआनियातून आलेले दातांचे डॉक्टर. १९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि त्यांचा पैसा बुडाला. गर्ट्रूड १५ वर्षांची असताना तिचे लाडके आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले. त्यांचे हाल तिने जवळून पाहिले आणि केमिस्ट्री शिकायचं ठरवलं. मुलींच्या हंटर कॉलेजात फी नव्हती म्हणून शिकता आलं. १९३७ साली, १९ व्या वर्षी, ती उत्तम मार्कांनी पदवीधर झाली.

पुढे शिकायला शिष्यवृत्ती हवी होती. तिने १५ ठिकाणी अर्ज केले, सगळीकडून नकार. एका मुलाखतीत तर तिला सांगण्यात आलं की प्रयोगशाळेत आजवर बाई नव्हती, ती आली तर पुरुषांचं लक्ष विचलित होईल. मग तिने सेक्रेटरीचा कोर्स केला, नर्सिंगच्या मुलींना शिकवलं, एका प्रयोगशाळेत सुरुवातीला बिनपगारी राबली. पैसे साठवून न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत गेली आणि १९४१ मध्ये एमएससी झाली. केमिस्ट्रीच्या त्या वर्गात ती एकटी मुलगी होती.

त्याच वर्षी आणखी एक घाव बसला. लेनर्ड नावाच्या तरुणाशी तिचं लग्न ठरलं होतं. त्याच्या हृदयाच्या आतल्या अस्तराला जिवाणूंचा संसर्ग झाला आणि तो गेला. पेनिसिलिन तेव्हा लोकांपर्यंत पोहोचलं नव्हतं, ते अवघ्या काही वर्षांवर होतं. गर्ट्रूडने पुढे कधीच लग्न केलं नाही.

हा पेनिसिलिनचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. सिफिलिस म्हणजे गरमी, गोनोरिया म्हणजे परमा, आणि क्लॅमिडिया. हे शरीरसंबंधांतून पसरणारे आजार जिवाणूंमुळे होतात. पेनिसिलिन आलं तसे गरमी आणि परमा चक्क बरे व्हायला लागले. आजही हे तिन्ही आजार योग्य अँटिबायोटिकने बरे होतात, फक्त परम्याचा जिवाणू एकेका औषधाला दाद देईनासा झालाय. पण हर्पिस विषाणूमुळे होतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिकची मात्रा चालत नाही. विषाणू आपल्याच पेशीत शिरतो आणि तिचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढतो. त्याला मारायचं तर पेशीही मरणार, असं बहुतेक शास्त्रज्ञ तेव्हा धरून चालले होते.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि प्रयोगशाळांमध्ये माणसं कमी पडू लागली. बायकांसाठी दार उघडलं ते त्यामुळे. त्याआधी गर्ट्रूड एका किराणा कंपनीत लोणच्याची आम्लता आणि मेयोनीजमध्ये जाणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग तपासत होती. बरोज वेलकम या औषध कंपनीचं नाव तिला वडिलांनी सुचवलं. त्यांच्या दवाखान्यात कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांचं सँपल आलं होतं, एवढीच काय ती ओळख. १९४४ मध्ये ती तिथे जॉर्ज हिचिंग्स यांची सहायक म्हणून लागली. नोकरी सांभाळून संध्याकाळी पीएचडीही चालू होती. दोनेक वर्षांनी कॉलेजने बजावलं की पूर्णवेळ या. तिने नोकरी धरली आणि पीएचडी सोडली.

हिचिंग्स आणि इलियन यांची पद्धत वेगळी होती. त्या काळी औषध शोधायचं म्हणजे हजारो रसायनं एकेक करून जंतूंवर टाकून बघायची. या दोघांनी उलटा प्रश्न विचारला. निरोगी पेशी, कॅन्सरची पेशी आणि जंतू यांची डीएनए बनवण्याची रीत कुठे वेगळी पडते? तो फरक सापडला तर फक्त शत्रूलाच अडवणारं रसायन बनवता येईल. यातून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं सिक्स-मर्कॅप्टोप्युरीन आलं. मग किडनी ट्रान्सप्लांट टिकवणारं अझाथायोप्रिन, गाउटवरचं अ‍ॅलोप्युरिनॉल. यातल्या एकाच औषधावर कोणाचंही करिअर निघालं असतं.

१९५६ मध्ये इलियन यांची आई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. इथे विज्ञानाच्या इतिहासातली एक चुकामूक सांगायला हवी. पुढे बरीच वर्षं या कॅन्सरमागे जननेंद्रियांच्या हर्पिसचा विषाणू असावा, असा संशय घेतला जात होता. तो खोटा ठरला. खरा कारणीभूत निघाला शरीरसंबंधांतूनच पसरणारा दुसरा विषाणू, एचपीव्ही. म्हणजे ज्याचा लोक जास्त धसका घेतात त्या हर्पिसमुळे हा कॅन्सर होत नाही, आणि ज्याचं नावही अनेकांना ठाऊक नसतं त्या एचपीव्हीमुळे होतो. एचपीव्हीवर लस आहे, पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती बनवते.

असायक्लोव्हिरची सुरुवात १९४८ सालची. इलियन यांना एका रसायनात विषाणूला अडवण्याची थोडी ताकद दिसली होती. पण ते फार विषारी होतं, म्हणून फाइल बंद झाली. २० वर्षांनी, १९६८ मध्ये, दुसऱ्या कोणाचं तरी तशाच जातीचं एक रसायन विषाणूवर चालतंय हे कानावर आलं आणि त्यांनी जुनी फाइल पुन्हा उघडली. नवं रूप बनवून कंपनीच्या इंग्लंडमधल्या विषाणूतज्ज्ञांकडे पाठवलं. ते हर्पिसवर चाललं. १९७० मध्ये प्रयोगशाळा नॉर्थ कॅरोलिनात हलली, तिथे हॉवर्ड शेफर हे रसायनतज्ज्ञ आले. प्रत्यक्ष असायक्लोव्हिरचा रेणू शेफर यांच्या गटाने घडवला, हे नोबेलच्या झगमगाटात विसरलं जातं. तो इतका प्रभावी का आणि इतका सुरक्षित कसा, हे इलियन यांच्या गटाने उलगडलं.

आणि ते उलगडणं भारी आहे. डीएनए म्हणजे मण्यांची माळ समजा. असायक्लोव्हिर हा हुबेहूब दिसणारा खोटा मणी आहे. पण तो तसाच ओवता येत नाही, आधी त्याला एक रासायनिक तुकडा जोडावा लागतो. आपल्या निरोगी पेशीला ते जवळपास जमत नाही. हर्पिसच्या विषाणूकडे मात्र थायमिडीन कायनेज नावाचं स्वतःचं एन्झाइम असतं, ते हा तुकडा चटकन जोडून देतं. पुढचे दोन तुकडे पेशीच जोडते, मणी तयार होतो आणि विषाणूच्या माळेत ओवला जातो. त्याला पुढचा मणी अडकवायला हूकच नसतो. माळ तिथेच थांबते. औषधाचं बटण विषाणू स्वतःच्या हाताने दाबतो. जिथे विषाणू नाही तिथे औषध जवळपास गप्प राहतं.

पण याच खुबीत औषधाची मर्यादाही आहे. पहिल्या लागणीनंतर हर्पिसचा विषाणू नसांमधून वर सरकतो आणि मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन झोपतो. ओठांवरचा असेल तर कवटीच्या तळाशी, जननेंद्रियांवरचा असेल तर पाठीच्या खालच्या भागात. झोपेत तो प्रती काढत नाही, ते एन्झाइमही बनवत नाही. मग बटण दाबणार कोण? म्हणून असायक्लोव्हिर पुळ्या लवकर घालवतं, त्या पुन्हा येण्याचं प्रमाण घटवतं, पण विषाणू शरीरातून हद्दपार करत नाही. हर्पिस मुळापासून बरा करण्याच्या जाहिराती दिसल्या तर हे आठवावं.

विषाणू झोपलेला राहू शकतो, यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती अनेक घरांत भांडण टाळू शकते. पुळ्या आज आल्या म्हणजे लागण कालच झाली असं नसतं. ती कित्येक वर्षांपूर्वीची असू शकते, आणि ज्याच्याकडून झाली त्याला कधी एकही पुळी आलेली नसेल. ओठांवरचा विषाणू मुखमैथुनातून जननेंद्रियांवरही जातो. त्यामुळे पहिल्यांदा हर्पिस दिसला की जोडीदाराने फसवलं, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे बहुतेक करून जननेंद्रियांवरचा विषाणू आहे. यातल्या अनेकांना ते माहीतही नाही. पुळ्या नसतानाही लागण होऊ शकते. कंडोमने धोका कमी होतो, शून्य होत नाही.

औषध आलं तो काळही बघा. १९८२ मध्ये अमेरिकेत असायक्लोव्हिरच्या मलमाला परवानगी मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाइम साप्ताहिकाने हर्पिसला मुखपृष्ठावर आणलं, कलंक म्हणून. मलम पहिल्या लागणीत थोडंफार उपयोगी होतं, परत येणाऱ्या पुळ्यांवर फारसं नाही. खरा फरक पडला तो १९८५ मध्ये तोंडाने घ्यायचं औषध आल्यावर. आणि सगळ्यात मोठा फरक पडला तिथे, जिथे हर्पिस मेंदूपर्यंत जातो. तो क्वचित होणारा आजार, पण उपचाराविना दहातले सात रुग्ण दगावायचे. शिरेतून असायक्लोव्हिर द्यायला लागल्यावर बहुतेक जण वाचू लागले. बाळंतपणात आईकडून लागण झालेल्या नवजात बाळांनाही तेच औषध तारतं. म्हणून गरोदर बाईने हर्पिस कधी झाला असेल तर डॉक्टरपासून लपवू नये. आपल्याकडे या सगळ्या आजारांना गुप्तरोग म्हणतात. त्या शब्दानेच अर्धं नुकसान केलंय.

इलियन १९८३ मध्ये निवृत्त झाल्या, पण प्रयोगशाळेत येणं सुटलं नाही. एड्सची साथ पसरत होती. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या सहकाऱ्यांनी सरकारी शास्त्रज्ञांसोबत एझेडटी हे जुनं, अडगळीत पडलेलं रसायन एचआयव्हीवर आजमावलं. १९८७ मध्ये ते एचआयव्हीवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध ठरलं. कंपनीने लावलेल्या किमतीवरून मात्र रुग्ण रस्त्यावर उतरले, आणि त्यांचा राग रास्त होता.

१९८८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल इलियन, हिचिंग्स आणि ब्रिटनचे जेम्स ब्लॅक यांना विभागून मिळालं. पीएचडी नसलेल्या बाईला नोबेल! पुढच्या वर्षी, पीएचडी सोडावी लागली होती त्याच ब्रुकलिनच्या कॉलेजने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

२१ फेब्रुवारी १९९९ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिल इथे त्यांचं निधन झालं. त्याआधी दोन वर्षं असायक्लोव्हिरचं अमेरिकेतलं पेटंट संपलं होतं. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जगभर अनेक कंपन्या ते बनवतात. जननेंद्रियांवरच्या हर्पिसची लस अजून आलेली नाही.