वाटेवरचा कवि बाशो

जपानांत डोंगरवाटांवर व देवळांच्या आवारांत कविता कोरलेल्या शिळा जागोजागीं उभ्या दिसतात. त्यांतील कितीतरी एकट्या बाशोच्या आहेत. आणि त्या बिचाऱ्यास स्थिर घर असें फारसें लाभलें नाहीं!

मात्सुओ बाशो याचा जन्म १६४४ सालीं इगा प्रांतांत झाला. तरुणपणीं तो एका सामुराई घराण्यांत चाकरीस होता. त्याचा धनी योशितादा हाहि काव्यप्रेमी. परंतु १६६६ त तो अकालीं वारला आणि बाशोनें पुढें ती चाकरी सोडली. एदो, म्हणजे आजचें तोकियो, येथें सतरा मात्रांच्या चिमुकल्या कवितेचा गुरु म्हणून त्याची कीर्ति झाली. एका शिष्यानें त्याच्या झोपडीपाशीं केळ लावली. तिजवरूनच त्यानें बाशो हें नांव घेतलें. १६८२ त ती झोपडीहि जळाली.

१६८९ त सोरा या शिष्यासह तो पायीं उत्तरेकडे निघाला. जुन्या कवींनीं गाइलेलीं स्थळें पाहावयाचीं होतीं. पण कित्येकांची खूणहि काळानें ठेविली नव्हती. तागाजो येथें मात्र ७६२ सालची एक शिळा त्यास भेटली. तिजवर काव्य नव्हे, तर दूरदूरच्या ठिकाणांचीं अंतरें कोरलेलीं! तरी हजार वर्षांमागील माणसांचें मन जणूं समोर पाहून, वाटेचा शीण विसरून, तो तिजपुढें रडला.

१६९४ त प्रवासांतच, ओसाका येथें, त्यास मरण आलें. त्याच्या इच्छेप्रमाणें ओत्सु येथील गिचूजी मंदिरांत, योशिनाका या जुन्या योद्ध्याच्या समाधीशेजारीं, त्यास पुरण्यांत आलें.