लक्ष्मीबाई टिळक : स्वयंपाकघरातून सुरू झालेले प्रेम

मंडळातल्या अनेक घरांत 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक असेल. ज्यांनी ते शाळेतल्या धड्यापुरतेच वाचले, त्यांच्यासाठी लक्ष्मीबाईंची ही थोडक्यात ओळख.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेला जिन्नसही धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. त्या धाकात वाढलेली ही मुलगी अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या घरी आली. टिळक कवी, बुद्धिमान, मनाने उदार. पण तापट, आणि हातात पैसा न टिकणारे. दारी आलेल्या गरजवंताला ते असेल ते देऊन टाकत. मग चूल कशी पेटवायची, ही काळजी बायकोची! अशा माणसाबरोबर संसार करणे किती अवघड असेल, हे गृहिणींना वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून संसार मोडला, पदरात लहानगा दत्तू. काही वर्षे त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या नगरकडे टिळकांजवळ आल्या, पण आपले सोवळे आणि आपला धर्म सांभाळूनच. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. तापट माणसाचा हा संयम मला त्यांच्या कवितांइतकाच मोलाचा वाटतो.

लक्ष्मीबाई बदलल्या त्या कुणाच्या प्रवचनाने नव्हे. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी एका रात्री स्वतःलाच विचारला. उत्तर माणसाने असे आले. मग त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. आपल्या हैदराबादेत एका भिंतीपलीकडे तेलुगू आणि दुसरीकडे उर्दू बोलणारे शेजारी असतात, सणाचे ताट इकडून तिकडे जाते. त्यामुळे पाण्याचा एक पेला ही आज फार मोठी गोष्ट वाटत नाही. पण धुतलेल्या जिनसांच्या घरात वाढलेल्या बाईला त्या एका पेल्यासाठी अख्खे बालपण ओलांडावे लागले.

पुढचे सगळे त्यातूनच आले. घरात अनाथ, निराधार मुले येत गेली. आणायची टिळकांनी, आणि न्हाऊ-माखू घालायची, ओरडायची, निजवायची लक्ष्मीबाईंनी. नगरला प्लेग आला तेव्हा शाळेतल्या आजारी मुलांची शुश्रूषा करायला त्या पुढे झाल्या. या कामांबद्दल त्या लिहितात ते स्वतःची फजिती सांगत, थट्टा करत. आपण काही थोर केले, असा सूर त्यात सापडत नाही.

नवऱ्याने शिकवले तेवढेच अक्षरज्ञान. शाळा अशी नाहीच. तरी 1919 साली टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे नेण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. टिळकांचे अकरा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी 64 लिहिले. मधला काही काळ त्या मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीला राहिल्या. महाराष्ट्राबाहेर घर मांडलेल्या आपल्यासारख्यांना ती पाने जास्त जवळची वाटतील.

'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले. त्यात टिळकांचा राग आहे, त्यांनी दिलेला त्रास आहे, आणि त्यांच्यावरची अपार माया एकाच वाक्यात शेजारी बसलेली आहे. काही झाकलेले नाही आणि कुणावर सूडही नाही. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचे निधन झाले. पुस्तकाचा शेवटचा भाग त्यांच्या पश्चात निघाला, आणि तो वाचकांच्या हाती देण्याचे काम केले ते त्याच दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी.