वैयाकरणी पोंपेउ फाब्रा

शिक्षणाने इंजिनिअर, पेशाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि ओढीने वैयाकरणी असे पोंपेउ फाब्रा २० फेब्रुवारी १८६८ रोजी स्पेनमधील बार्सिलोनालगतच्या ग्रासिया गावी जन्मले. मातृभाषा कॅटलान. फ्रेंच-इटालियनप्रमाणे तीही लॅटिनचीच लेक. पण शाळा-कचेऱ्यांत मान स्पॅनिशला. कॅटलानला अनेकजण नुसती बोली समजत.

बोलीला कसले आले व्याकरण, या समजाला फाब्रांनी कामाने उत्तर दिले. १८९१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचे पहिले व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याचा आधार होता बार्सिलोनाच्या लोकांच्या तोंडची भाषा.

या भाषेची अनियमित क्रियापदे मोठी गमतीची आहेत. ‘मी जातो’ म्हणजे ‘वाच’, पण ‘आम्ही जातो’ म्हणजे ‘अनेम’! एका क्रियापदात दोन धातू नांदतात. आपल्याकडेही ‘जातो’ आणि ‘गेला’ यांची मुळे संस्कृतात वेगळीच आहेत. त्याहून नवल असे, की ‘वाच’पुढे ‘कंता’, म्हणजे ‘गाणे’ हे क्रियापद, ठेवले की अर्थ होतो ‘मी गायलो’. फ्रेंचमध्ये अशीच रचना भविष्यकाळ दाखवते, येथे भूतकाळ! शेजारच्या भाषांना हे विचित्र वाटेल. पण लोक असेच बोलतात, म्हणून फाब्रांच्या व्याकरणात जुन्या साध्या भूतकाळाशेजारी या रूपालाही हक्काची जागा मिळाली.

१९०२ पासून सुमारे दहा वर्षे ते बिल्बाओला रसायनशास्त्र शिकवीत होते. भाषेचे काम मात्र थांबले नाही. १९१३ मध्ये शुद्धलेखनाचे नियम, १९१८ मध्ये अधिकृत व्याकरण आणि १९३२ मध्ये शब्दकोश, अशी एका भाषेची घडी त्यांनी बसवली. त्याच वर्षी, विद्यापीठाची भाषाशास्त्राची पदवी नसताना, बार्सिलोना विद्यापीठाने त्यांना कॅटलानचे प्राध्यापकपद दिले.

पुढे यादवी युद्ध झाले. १९३९ मध्ये फ्रँकोचे सैन्य बार्सिलोनात शिरले आणि सत्तरी ओलांडलेल्या फाब्रांना फ्रान्समध्ये परागंदा व्हावे लागले. मायदेशी कॅटलान शाळांतून व कचेऱ्यांतून हद्दपार झाली. २५ डिसेंबर १९४८ रोजी प्राडा या गावी त्यांचे निधन झाले. स्वभूमीचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

फ्रँको १९७५ मध्ये वारला. कॅटलान शाळांत परतली, तेव्हा नियम नव्याने शोधावे लागले नाहीत. फाब्रांचे व्याकरण तयार होते. १९९० मध्ये बार्सिलोनात त्यांच्या नावाचे विद्यापीठ निघाले. घरच्या बोलीची लाज वाटणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांनी हे चरित्र अवश्य अभ्यासावे.