आधी जेवण, मग पाटी

मागच्या डिसेंबरमध्ये आमचा एनएसएसचा कॅम्प चामटोलीला होता. वीटभट्टीवरच्या मुलांना शिकवायचं काम माझ्या ग्रुपकडे आलं. मी रात्री जागून रंगीत चार्ट वगैरे बनवले होते. तिथे आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता, वडील वारलेले, शाळा मध्येच सुटलेली. त्याला मी दोनचा पाढा म्हणायला सांगितला, तर त्याने शांतपणे विचारलं, खायला कधी देणार? मला काय बोलावं सुचेना. चार्ट तसेच गुंडाळून परत आणले.

नंतर लायब्ररीत पंडिता रमाबाईंचं चरित्र हाती लागलं. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे मराठी पुस्तक संपवायला मला जरा वेळच लागतो. हे मात्र दोन दिवसांत संपलं.) वाचताना वाटलं, त्या मुलाचा प्रश्न ह्या बाईंना शंभर वर्षांपूर्वीच कळला होता. कळणारच, कारण त्या स्वतः उपाशी राहिल्या होत्या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, ते त्या काळच्या शास्त्री मंडळींना पटलं नाही. आई लक्ष्मीबाई पहाटे उठवून रमाला शिकवायच्या. पुढे परिस्थिती बिघडली आणि सगळं कुटुंब गावोगाव, तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायला लागलं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमारास, थोड्याथोड्या अंतराने आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. रमा तेव्हा सोळा वर्षांची. उरले ती आणि भाऊ श्रीनिवास.

दोघं पायी उत्तरेकडे निघाली. कधी रानातली बोरं खाऊन दिवस काढला, कधी तेही नाही. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, म्हणून दोघांनी खड्डे खणले, त्यात झोपले आणि डोकं सोडून सगळ्या अंगावर वाळू ओढून घेतली. पुस्तकातलं हे पान मी माझ्या रूममेटला वाचून दाखवलं. आम्हाला इथे रजईसुद्धा एक पुरत नाही.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या ह्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी लग्न केलं, आणि १८८२ मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. कडेवर मनोरमा, वय वर्षाच्या आत. रमाबाई पुण्याला आल्या, हंटर आयोगापुढे बायकांसाठी शिक्षिका आणि लेडी डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं, पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. मग अमेरिकेत फिरून पैसे जमवले आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. धोंडो केशव कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई ह्याच शाळेच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनी.

१८९० मध्ये सदन पुण्याला हलवलं. १८९३ मध्ये तिथे मोठं वादळ झालं. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातं असा आरोप झाला, रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या मते पालकांची भीती अगदीच खोटी नव्हती, कारण धर्म हा रमाबाईंचा जीव की प्राण होता आणि त्यांनी तो लपवला नाही. पण ज्या मुली काढून नेल्या त्यांचं शिकणं थांबलं, हेही खरंच ना. त्यांच्यासाठी दुसरी शाळा कुणी तयार ठेवली होती?

१८९६ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. मदत-छावण्यांत हाडांचे सापळे झालेल्या, आईबाप मेलेल्या मुली त्यांनी पाहिल्या आणि सुमारे तीनशे जणींना घेऊन आल्या. नेमका तेव्हाच पुण्यात प्लेग, एवढ्या मुलींना शहरात ठेवायला सरकारची बंदी. केडगावला आधी घेतलेली जमीन होती, तिथे त्यांना नेलं. (आपल्या बदलापूरवरून पुण्याकडे जाणारी लाईन पुढे दौंडला जाते ना, त्याच लाईनवर हे केडगाव.) प्लेगच्या दवाखान्यात बायकांच्या सुरक्षिततेचे हाल होते, त्यावर त्यांनी वर्तमानपत्रात उघड तक्रार केली. सरकारचा राग येईल याची पर्वा केली नाही.

आता हे बघा. ह्या मुलींनी कधी पाटी पाहिलेली नव्हती, पुष्कळ आजारी होत्या, कुणावर विश्वास नव्हता. आधी खाणं, अंघोळ, औषध, झोप. शारदा सदनातल्या जुन्या मुलींकडे नव्या मुली सोपवल्या, म्हणजे कालची विद्यार्थिनी आज शिक्षिका. मग अक्षरओळख आणि जोडीला हाताचं काम: विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्यावर मुक्तीसदनात सुमारे दोन हजार जणी झाल्या. पाण्यासाठी विहिरी खोदाव्या लागल्या. आमच्या हॉस्टेलला एक पंप बिघडला की मेस बंद पडते, म्हणून हा आकडा मी पुस्तकात दोनदा तपासला.

शेवटची बरीच वर्षं रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था तीच पुढे चालवणार असं ठरलं होतं. त्यानंतर वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. बायबल छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये, केडगावच्याच छापखान्यात, तिथे टाईप जुळवायला शिकलेल्या मुलींच्या हातून.

चामटोलीला आम्ही ह्या वर्षी परत जाणार आहोत. खिचडीच्या सामानाचं बजेट मी सरांकडे दिलंय, चार्टच्या पानाच्या आधी लावून.