श्रीपाद कृष्ण कोल्हटकर : चोर, साक्षीदार आणि वाचक

विद्यार्थिमित्रांनो, या अभ्यासक्रमात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे नाव तुम्हांला निरनिराळ्या संदर्भांत भेटेल. संगीत नाटकाचा विचार करताना ते नाटककार म्हणून येतील, समीक्षेच्या इतिहासात दीर्घ परीक्षणे लिहिणारे टीकाकार म्हणून येतील आणि महाराष्ट्रगीताचे कर्ते म्हणून तर तुम्ही त्यांना शाळेपासूनच ओळखता. प्रस्तुत घटकात मात्र त्यांचे चरित्र आपण एका वेगळ्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणार आहोत. चोरी, खोटी साक्ष, फसवणूक हे हसण्याचे विषय होऊ शकतात काय? आणि लेखकाने ते तसे केले, तर ते वाचणाऱ्याचे काय होते? गुन्ह्याकडे काळ्या विनोदाच्या नजरेने पाहणारी कादंबरी आज सर्वत्र वाचली जाते आणि तिच्याविषयी वाचकांत हमखास दोन तट पडतात. मराठीत हे तट प्रथम स्पष्टपणे पडले ते कोल्हटकरांच्या विनोदी लेखांमुळे, असे आमचे मत आहे.

तुम्ही उमरेड, कुही किंवा भिवापूर भागातले विद्यार्थी असाल, तर या घटकाचा अर्धा भाग तुम्हांला पुस्तकाबाहेरही वाचता येईल. उमरेडच्या न्यायालयाच्या आवारात तारखेच्या दिवशी थोडा वेळ उभे राहा. पक्षकार, कारकून, वकील आणि आपला पुकारा केव्हा होतो याची वाट पाहत बसलेले साक्षीदार, हे दृश्य तालुक्याच्या प्रत्येक गावी सारखेच असते. कोल्हटकरांचा विनोद याच आवारात जन्माला आला. तो नाटकगृहात किंवा पुण्याच्या विद्वत्सभेत जन्मला असे समजण्याची चूक करू नका.

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूर येथे झाला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७२ मध्ये, भारतीय पुराव्याचा कायदा अस्तित्वात आला. ज्या कायद्याने साक्ष कशी घ्यावी, उलटतपासणी कशी करावी हे ठरवून दिले, तो कायदा आणि साक्षीदाराला मराठी विनोदात आणणारा लेखक हे जवळजवळ एकाच वयाचे होते. हा केवळ योगायोग. पण लक्षात ठेवण्यासारखा. त्यांचे शालेय शिक्षण वऱ्हाडात, बुलढाणा व अकोला येथे झाले. उच्च शिक्षणासाठी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, १८९१ साली बी. ए. झाले आणि १८९७ साली कायद्याची पदवी मिळवून वऱ्हाडात परतले. अकोला, जळगाव जामोद, खामगाव अशा गावी त्यांनी वकिली केली. दरम्यान १८९६ मध्येच त्यांचे ‘वीरतनय’ हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले होते. त्यानंतर ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’, ‘प्रेमशोधन’ अशी नाटके येत राहिली. या नाटकांचा तपशील रंगभूमीच्या घटकात दिलेला असल्याने येथे विस्तार करत नाही.

एका आयुष्यात दोन उद्योग चालू होते. दिवसा ज्या माणसांच्या तोंडून सत्य वदवून घ्यायचे, त्यांच्या असत्याची तऱ्हा हा वकील मनात टिपून घेत होता. १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात त्यांचा ‘साक्षीदार’ हा लेख आला. मराठीतील स्वतंत्र विनोदी लेखनाचा प्रारंभ अभ्यासक सामान्यतः येथून मानतात. त्यापूर्वी विनोद नव्हता असे नाही. चिपळूणकरांच्या निबंधांत उपरोध आहे, नाटकांत विदूषक आहे, लोककथांत लबाड कोल्हा आणि चतुर चोर आहेत. परंतु उपरोध हे तेथे वादातले एक शस्त्र होते आणि विदूषक हे नाटकातले एक पात्र. सबंध लेखच विनोदासाठी उभा राहावा आणि त्याचा नायक न्यायालयात शपथ घेऊन उभा राहणारा माणूस असावा, ही गोष्ट नवी होती.

खोट्या साक्षीने एखाद्याची जमीन जाते, एखादा तुरुंगात जातो, क्वचित फासावरही जातो. मग यात हसण्यासारखे काय, असे विचारणाऱ्या वाचकाला आपण अरसिक म्हणून बाजूला सारू नये. त्याचा प्रश्न रास्त आहे. कोल्हटकरांचे उत्तर त्यांच्या लेखनपद्धतीत आहे. ते खोट्या साक्षीदाराचा धिक्कार करत नाहीत. त्याच्या धंद्याकडे ते इतर कोणत्याही प्रतिष्ठित धंद्याकडे पाहावे तसे गंभीरपणे पाहतात. धिक्कार वाचताना वाचक लेखकाच्या शेजारी, सुरक्षित जागी बसलेला असतो. ही खोटी गंभीरता वाचताना ती जागा त्याच्याकडून काढून घेतली जाते. प्रथम तो हसतो, आणि मग साक्षीदार पढवणारा वकील, त्याला पैसे देणारा पक्षकार व हे सारे ठाऊक असून गप्प बसणारे गाव यांपैकी आपण कोण, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. लेखक स्वतः वकील होता, हेही विसरू नका. ज्या व्यवहारावर त्याचा चरितार्थ चालत होता, त्याच व्यवहाराला त्याने हसे केले.

‘चोरांचे संमेलन’ या लेखात हीच युक्ती अधिक व्यापक झाली. तो काळ सभा-परिषदांचा होता. १८८५ पासून राष्ट्रीय सभेची अधिवेशने भरत होती, तिच्या जोडीने सामाजिक परिषद भरे, जातींच्या परिषदा निघू लागल्या होत्या. अध्यक्षीय भाषण, स्वागत, ठराव, अनुमोदन हा सारा थाट सुशिक्षितांच्या अंगवळणी पडला होता. तो थाट चोरांना बहाल करताच हसू येते. पण ते हसू चोरांना येत नाही, थाटाला येते. चोर सभ्य गृहस्थांसारखे वागू लागले की सभ्य गृहस्थ कोणासारखे वागत होते, हे उघडे पडते.

या ठिकाणी दोन पूर्वसूरींची आठवण ठेवणे उपयुक्त ठरेल. पहिला आपल्या परंपरेतला. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. भोक कोणत्या आकाराचे पाडले असता कलेला शोभेल, याचा तो शास्त्रार्थ करतो आणि मोजमापाची दोरी विसरल्याचे ध्यानात येताच गळ्यातले जानवे काढून त्याने भिंत मोजतो. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी प्रेक्षक या ब्राह्मण चोराला मनमुराद हसत आला आहे. दुसरे उदाहरण इंग्लंडमधले. थॉमस डी क्विन्सी याने १८२७ साली एका मासिकात खुनाकडे ललितकला म्हणून पाहणारा निबंध लिहिला. खुनांचे रसग्रहण करणाऱ्या एका काल्पनिक मंडळापुढील व्याख्यान असे त्याचे रूप होते. ज्या वाचकांना ही थट्टा रुचली नाही, त्यांची दखल घेत त्याने १८३९ मध्ये दुसरा निबंध लिहिला. कोल्हटकरांनी डी क्विन्सीवरून काही उचलले, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. सभ्य सभेचे रूप गुन्ह्याला चढवले की वाचकांत फूट पडते, हा अनुभव एका भाषेपुरता मर्यादित नाही, एवढेच दाखवायचे आहे.

आता मराठी वाचकांकडे वळू. कोल्हटकरांचे हे लेख पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने १९१० मध्ये ग्रंथरूपाने आले. आरंभी लेखांची संख्या अठरा होती, म्हणून ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ असेही त्याचे नाव ठेवले गेले. पुढे ती संख्या बत्तीसवर गेली आणि नाव ‘साहित्य बत्तिशी’ झाले. नावातला शब्दखेळ पाहा. बत्तिशी हसताना दिसते आणि दातखिळीही तिचीच बसते. या लेखांत सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हे तीन स्नेही वावरतात. ते सुधारक नाहीत. ते जुन्या रूढींचे भाबडे अभिमानी आहेत आणि जी रूढी ते प्राणपणाने उचलून धरतात, ती त्यांच्याच हातून हास्यास्पद होते. ‘श्रावणी’, ‘शिमगा’, ‘गणेशचतुर्थी’ ही शीर्षकेच लेखकाचा रोख सांगतात.

चोरांच्या संमेलनाला हसणारा वाचक ‘श्रावणी’पाशी येऊन का अडखळला, याचा विचार तुम्ही अवश्य करा. शर्विलकाने जानव्याने भिंत मोजली तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नव्हता. तो चोर प्राचीन होता, नाटकातला होता आणि अखेर चोर होता. श्रावणीच्या दिवशी जानवे बदलणारा माणूस मात्र वाचक स्वतः होता, त्याचे वडील होते, त्याचे उपाध्याय होते. सनातनी वाचकांना हे लेखन झोंबले यात नवल नाही. चोर आणि साक्षीदार यांच्यासाठी वापरलेली तीच खोटी गंभीरता आता देवघरात आली होती. एकाच पुस्तकात चोरांचे संमेलन आणि घरचे विधी शेजारी शेजारी बसवले गेले, हे त्या वाचकाच्या रागाचे खरे कारण असावे.

या रागाची तुलना आगरकरांच्या अनुभवाशी केली तर कोल्हटकरांचे वेगळेपण कळते. आगरकरही काही काळ अकोल्यात शिकले होते. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून त्यांनी हेच विषय सरळ, निर्भीड तर्काने मांडले. त्यांच्या विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ साली आगरकर वारले. त्यानंतर काही वर्षांतच कोल्हटकरांनी तेच विषय हाती घेतले, पण युक्तिवाद वाचकावर सोपवून आपण बाजूला झाले. सुदाम्याची प्रेतयात्रा काढणार कशी? तो तर विरोधकांच्याच पक्षातला. लेखकावर चिडावे तर आधी आपण सुदाम्यासारखे आहोत हे कबूल करावे लागे. विनोदाने सुधारणेचे काम अधिक झाले की तर्काने, हा वाद येथे सोडवता येणार नाही. आगरकरांनी जी किंमत मोजली ती कोल्हटकरांना मोजावी लागली नाही, हे मात्र प्रांजळपणे नोंदवले पाहिजे.

दुसरा तट कौतुक करणाऱ्या वाचकांचा. १९०८ मध्येच न. चिं. केळकरांचे ‘सुभाषित आणि विनोद’ हे पुस्तक आले होते, म्हणजे विनोदाची तात्त्विक चर्चा करावी इतके महत्त्व त्याला मराठीत प्राप्त झाले होते. परंतु सर्वांत मोलाचा वाचक ठरला तो राम गणेश गडकरी. किर्लोस्कर मंडळीत उमेदवारी करणाऱ्या या तरुणाने कोल्हटकरांना गुरू मानले आणि ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख लिहिले. ‘रिकामपणाची कामगिरी’ वाचून पाहा. गुरूची खोटी गंभीरता तेथे आहेच, पण ठकीच्या लग्नाच्या खटपटीत हास्याखाली एक कळही लपलेली आहे, जी कोल्हटकरांत सहसा आढळत नाही. गडकऱ्यांना गुरू मानणारे अत्रे पुढे आले. वि. स. खांडेकरांनीही कोल्हटकरांचे शिष्यत्व अभिमानाने सांगितले. एखाद्या लेखकाच्या वाचकांतून इतके लेखक निघावेत, अशी उदाहरणे मराठीत फार नाहीत.

आणि तिसरा वाचक? तो थकलेला आहे. कोल्हटकरांच्या नाटकांतील संवादांत कोट्यांची गर्दी इतकी होते की पात्र बोलते की लेखक, हे कळेनासे होते. ‘दुटप्पी की दुहेरी?’ आणि ‘श्यामसुंदर’ या त्यांच्या कादंबऱ्या आज अभ्यासकांखेरीज फारसे कोणी उघडत नाही. ‘सुदाम्याचे पोहे’ वाचतानाही तुम्हांला दम लागेल. लांब वाक्ये, संस्कृत वचनांची विडंबने, आता लोपलेल्या रिवाजांचे उल्लेख वाटेत येतील. त्या काळच्या वाचकाला जे पाठ होते, ते तुम्हांला कोशात शोधावे लागेल आणि कोशात शोधलेल्या विनोदाला हसू जरा उशिरा येते. हा दोष सर्वस्वी तुमचा नाही, काही अंशी लेखकाचाही आहे. न्यायालयातला साक्षीदार मात्र अजून जुना झालेला नाही. म्हणून आरंभ ‘साक्षीदार’पासून करावा, असे सुचवावेसे वाटते.

२३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे वारले. त्यांचे वय चौतीसही पूर्ण नव्हते. ज्या जिल्ह्यात गुरूचा जन्म झाला, त्याच जिल्ह्यात शिष्याचा शेवट झाला. गुरू त्यानंतर पंधरा वर्षे जगले. १९२७ साली पुण्यात भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ज्याने चोरांचे संमेलन भरवले, तोच आता साहित्यिकांच्या संमेलनात अध्यक्षीय आसनावर बसला होता. जुन्या वाचकांपैकी कोणाच्या तरी चेहऱ्यावर त्या वेळी हसू उमटले असेलच. १ जून १९३४ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांचे ‘आत्मवृत्त’ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले.

या घटकाच्या अभ्यासासाठी ‘साक्षीदार’, ‘चोरांचे संमेलन’ आणि ‘श्रावणी’ हे तीन लेख याच क्रमाने वाचा. वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि जेथे तुमचे हसू थांबले, त्या वाक्यासमोर समासात एक लहानशी खूण करा. संपर्कसत्राला येताना ते पुस्तक सोबत आणा. शेजारच्या विद्यार्थ्याची खूण तुमच्याच जागी आहे काय, तेथून आपण चर्चेला सुरुवात करू.