फड कोणाचा?

रेठरे हरणाक्षचा ब्राह्मण तमाशात उतरला, म्हणून पठ्ठे बापूरावांचे कौतुक फार. पण त्यांच्या फडाला गर्दी लोटे ती कोणासाठी? संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा गावी १८७० साली महार कुटुंबात जन्मलेल्या पवळाबाईंसाठी! जिथे नाच्या पोऱ्या बाईचे सोंग घेई, त्या बोर्डावर या स्वतः उभ्या राहिल्या. बापूरावांची लावणी मुंबईला कळली ती त्यांच्या गळ्यातून. पुढे दोघे वेगळे झाले.

महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा म्हणून बाबासाहेबांनी बापूरावांची देणगी नाकारली, असे चळवळीत सांगतात. आमच्या मते तो नकार धंद्याला होता, पवळाबाईंना नव्हे. त्या १९३९ साली गेल्या. फड मात्र अजून बापूरावांच्याच नावावर आहे.