विठाबाई नारायणगावकर

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्यांना जमेल त्यांनी एकेका नामवंत स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे बैठकीत ठरले. कुणी अहिल्यादेवी घेतल्या, कुणी सावित्रीबाई, कुणी बहिणाबाई. मी विठाबाईंचे नाव सांगितले तेव्हा थोडे हसू झाले आणि मग सगळ्या गप्प. चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन, दुसरे कुणी घ्या की हो, असे सुचवलेही. मी सातवी शिकलेली, लिहिण्याची सवय वाण्याच्या यादीपुरती. पण हे नाव माझ्या मनातून जात नाही, त्याचे कारण आधी सांगते.

माझे माहेर पाथरीकडच्या एका खेड्यातले. चैत्रात गावची जत्रा भरे आणि रात्री तमाशाचा फड उभा राही. पुरुषमंडळी घोंगड्या घेऊन पुढे जाऊन बसत. आम्ही बायका-मुली माळवदावर अंधारात बसून नुसते ऐकायचो. ढोलकी, तुणतुणे, झांज आणि वर चढत जाणारा बाईचा आवाज. गवळण तर मला ऐकूनच पाठ झाली होती, पण ती गुणगुणले म्हणून आईचा धपाटाही खाल्ला. एकदा सकाळी फडातली एक बाई आमच्या दारी पाणी मागायला आली. काखेत तान्हे मूल, डोळ्यांतले काजळ रात्रीचेच. आईने पाणी दिले, पण तांब्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. माझी आई वाईट बाई नव्हती. तेव्हा तशीच रीत होती.

आता विठाबाईंविषयी. त्यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. विठोबाच्या गावी जन्मली म्हणून मुलीचे नाव विठा. घराणे पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचे. आजोबा नारायण खुडे यांनी फड काढला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला, आणि भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने तो गावोगाव गाजला. शाळेपेक्षा ढोलकीच त्या मुलीच्या कानावर जास्त पडली. तमाशात नुसते नाचून भागत नाही. गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, असा रात्रभराचा पल्ला असतो. त्यात गावे लागते, नाचावे लागते आणि वगात राणीपासून मोलकरणीपर्यंत काय वाट्याला येईल ते उभे करावे लागते. विठाबाईंना हे तिन्ही येत होते. खड्या आवाजाची लावणी, पायात घुंगरांचे ओझे आणि समोर दोनचार हजारांचा समाज, त्यात दारू प्यालेलेही. त्यांच्या ‘मुंबईची केळेवाली’ या वगाचे नाव जुनी माणसे अजून काढतात.

पूर्वी तमाशात बायकांची कामे नाच्या पोरे करीत. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई उभ्या राहिल्या आणि हा पायंडा मोडला. विठाबाई त्याच वाटेने पुढे गेल्या आणि वडिलांमागे फडाचा भारही त्यांनीच वाहिला. फड म्हणजे पन्नास-साठ माणसांचे पोट. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत गाडी आज या गावी, उद्या त्या गावी. पावसाळ्याचे चार महिने काम नाही, पण खाणारी तोंडे तितकीच. म्हणून उचल घ्यायची आणि पुढच्या हंगामात ती फेडायची. घर चालवताना आपली महिनाअखेरीस काय तारांबळ उडते ते आठवा, म्हणजे त्या बाईच्या डोक्यावर काय होते ते कळेल.

आता ती गोष्ट सांगते, जी लिहावी की न लिहावी यावर मी आठ दिवस विचार केला. विठाबाईंचे दिवस भरले होते आणि तरी त्या बोर्डावर उभ्या होत्या. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या आणि तिथेच बाळंत झाल्या. मुलगा झाला. नाळ दगडाने ठेचून तोडली, लुगडे सावरले आणि पुन्हा खेळासाठी बाहेर यायला निघाल्या. लोकांना हे कळले तेव्हा त्यांनीच हात जोडून, बाई आता विश्रांती घ्या, असे विनवले.

माझी दोन बाळंतपणे माहेरी झाली. सव्वा महिना मला आईने उंबऱ्याबाहेर पाय टाकू दिला नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला फडके. तरी कंबर दुखते म्हणून मी रडत होते. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला विठाबाईंचे कौतुक वाटण्याआधी राग आला. लोक त्यांच्या हिमतीची वाखाणणी करतात, ती खरीच आहे. पण त्या दिवशी खेळ बंद ठेवला असता तर पन्नास जणांच्या भाकरीचे काय, हा प्रश्न एका बाळंतिणीवर यावा, हे मला अजून सोसत नाही.

मानही त्यांना मिळाला. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतिपदक मिळाले. १९६२ च्या चीनच्या युद्धात सीमेवरच्या जवानांची करमणूक करायला त्या फड घेऊन गेल्या. मुलींनाही त्यांनी हीच कला दिली. मंगला बनसोडे यांचा फड आपल्या भागातल्या पुष्कळांनी पाहिला असेल.

शेवट मात्र हालाचा झाला. पदके होती, पण औषधपाण्याला पैसा नव्हता. दवाखान्याचा खर्च भागवायला लोकांना मदत गोळा करावी लागली. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावे तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथे जत्रेची सुपारी द्यायला जातात.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा हे सगळे मी आईला वाचून दाखवले. ती आता ऐंशीला आली आहे. बाळंतपणाच्या भागाशी तिने मला थांबवले आणि तो पुन्हा वाचायला लावला. मग, तांब्या ठेवला होता ती बाई कुठल्या फडातली होती गं, एवढेच तिने विचारले. मला ते सांगता आले नाही.